भीमा-सीना संगमाचा पॅनोरमा: उजेड बदलतो आणि जोड दिसतात, काय करावं?

पाणकाठ (प्रश्न)

मंडळी नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या संगमावर भीमा आणि सीना दोन्ही एकाच चित्रात याव्यात असा साधारण १५० अंशांचा पॅनोरमा (शेजारशेजारचे फोटो जोडून केलेलं रुंद चित्र) करायचा आहे. सहा फूट रुंद छापायचा आहे, त्यामुळे मोबाइलचा पॅनोरमा चालणार नाही. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, १.५ पट क्रॉप सेन्सरचा. लेन्स १८-५५ किट. ट्रायपॉड साधा, बॉल हेडचा. नोडल हेड (कॅमेऱ्याऐवजी लेन्स अक्षावर ठेवून फिरवणारा जोड) नाही.

सराव म्हणून सीनेवरच्या एका कोल्हापुरी बंधाऱ्याजवळ सूर्यास्ताच्या वेळी दोन-तीन पॅनोरमा केले. सगळ्यांत याच चुका आल्या. आकाशात ठरावीक अंतराने उभे गडद पट्टे. डावीकडचं चित्र नारिंगी तर उजवीकडचं निळसर. बंधाऱ्याची सरळ भिंत केळ्यासारखी वाकलेली. आणि समोरच्या उसावर ढगाची एकच सावली दोनदा. सेटिंग: १८ मिमी, कॅमेरा आडवा, एफ ११, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, ऑटो व्हाइट बॅलन्स, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावलेला, जेपेग.

पहाटे जावं की संध्याकाळी, आणि उजेड भराभर बदलत असताना एक्स्पोजर कसं धरायचं, हे नेमकं सांगा.

उभी_चौकट

तुमच्या चारपैकी तीन चुका घरून निघायच्या आधीच टाळता येतात. आधी पोलरायझर काढून ठेवा. आकाशाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतं, सूर्याकडे आणि सूर्याच्या समोरच्या दिशेला जवळपास नसतं. १५० अंशांच्या चित्रात हे सगळे भाग येतात, म्हणून एका बाजूचं आकाश गडद निळं आणि बाकीचं फिकट दिसतं. पाण्याचंही तेच होतं, एका फ्रेममध्ये तळ दिसतो आणि शेजारच्या फ्रेममध्ये चकाकी. हे नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही.

ठरावीक अंतराने येणारे बारीक पट्टे वेगळे. ते लेन्सच्या कडांना पडणाऱ्या काळोखीमुळे येतात. एका फ्रेमची अंधारी कड दुसऱ्या फ्रेमच्या उजळ भागाला चिकटते. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या आणि जोडण्याच्या आधी सगळ्या फ्रेमना लेन्स प्रोफाइल करेक्शन लावा. पॅनोरमा तयार झाल्यावर ते लावून काही उपयोग नाही. पूर्ण उघड्या किट लेन्सपेक्षा एफ ८ ला काळोखी तशीही बरीच कमी असते.

नारिंगी-निळ्याचं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स. प्रत्येक फ्रेमला कॅमेरा नव्याने रंग ठरवतो. ५२०० केल्विनला बांधून टाका. सकाळ असो की संध्याकाळ, आकडा तोच. अचूक रंग नंतर रॉमध्ये ठरवायचा, पण सगळ्या फ्रेमना एकदम.

आता मांडणी. १८ मिमी सोडा. कॅमेरा उभा धरून १८ मिमीला उंचीकडे ६६ अंश दिसतात. आपल्याकडे भीमेची दरी उथळ, काठ बसके. एवढ्या मोठ्या चौकटीत नदी आणि जमीन म्हणजे मधली एक सुतळी, बाकी सगळं आकाश आणि पायाखालची माती. ३५ मिमी घ्या. कॅमेरा उभा असताना तुमच्या सेन्सरवर रुंदीला साधारण २५ अंश आणि उंचीला ३७ अंश येतात. दर १५ अंशांना एक फ्रेम घेतली की ४० टक्के ओव्हरलॅप (दोन फ्रेमचा सामाईक भाग) मिळतो. १० फ्रेममध्ये १६० अंश भरतात. दोन्ही टोकांना एकेक फ्रेम जादा घ्या, कारण जोडताना कडा कापाव्या लागतात. १५० अंशांना २३,००० पिक्सेलच्या वर रुंदी येते. सहा फूट म्हणजे ७२ इंच, ३०० डीपीआयला २१,६०० पिक्सेल लागतात. म्हणजे पुरून उरतं.

फोकस मॅन्युअल. ३५ मिमी, एफ ८ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की अनंतापर्यंत चालण्याइतकं स्पष्ट येतं ते) पावणेआठ मीटरच्या आसपास येतं, पण एवढ्या मोठ्या छपाईला तेवढ्यावर भागवू नका. पलीकडच्या काठावरची झाडं मऊ दिसतील. १५ मीटरवर फोकस करा, पाच मीटरपासून पुढे सगळं धरलं जातं. फोकस लागला की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा, झूमच्या रिंगवरही लावा. बऱ्याच किट लेन्सची झूम रिंग कॅमेरा उभा-आडवा करताना नकळत सरकते, आणि मग दोन फ्रेमचं मापच जुळत नाही.

एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल. चित्रातली सर्वांत उजळ बाजू बघा, सूर्याचं बिंब सोडून. त्या बाजूच्या आकाशाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकणार नाही असं शटर ठरवा आणि सगळ्या फ्रेम त्याच शटरला घ्या. अंधारी बाजू कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळी दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. आयएसओ १०० च्या रॉमधून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सहज उचलता येतात.

काळी_माती

वर सांगितलेलं सगळं पटतं. पण सोलापूरकडे कॅमेऱ्याच्या सेटिंगपेक्षा उभं कुठे राहायचं आणि सूर्य कुठे असणार, हे जास्त महत्त्वाचं आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. इथे सूर्य डिसेंबरअखेर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून ११५ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्या बऱ्याच दक्षिणेला उगवतो, आणि जूनअखेर ६५ अंशांवर. मावळतीला हेच उलट, डिसेंबरात २४५ आणि जूनमध्ये २९५. भीमा आपल्या जिल्ह्यात ढोबळमानाने वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते. म्हणजे हिवाळ्यातला सूर्योदय बऱ्याच ठिकाणी नदीच्या उताराच्या दिशेला येतो आणि उन्हाळ्यातला सूर्यास्त नदी येते त्या बाजूला. पाण्याचा अख्खा पट्टा पेटलेला हवा असेल तर हे दोन मोसम. पण नदी जागोजागी वळणं घेते, त्यामुळे आपल्या उभं राहायच्या जागेवर होकायंत्र लावून पात्राची दिशा अंशांत लिहून घ्याच.

माझं मत विचाराल तर १५० अंशांच्या चित्रात सूर्य घेऊच नका. सूर्य चौकटीच्या टोकाबाहेर २०-३० अंश राहील असं बघा. उजेड आडवा पडतो, उसाच्या ओळी, वाळूचे उंचवटे आणि काठाची धूप उठून दिसते, आणि दोन टोकांमधला फरक दोन-अडीच स्टॉपच्या आत राहतो. सूर्य आत आला की तोच फरक पाच स्टॉपच्या पुढे जातो.

आणि वेळ. पुस्तकांत गोल्डन अवर म्हणतात, पण आपल्या अक्षांशावर सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवरून बिंब टेकेपर्यंत साधारण २५ मिनिटंच मिळतात. बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटं. त्यानंतर कामाचा संधिप्रकाश २१-२२ मिनिटं. म्हणून सूर्योदयाच्या ४५ मिनिटं आधी ट्रायपॉड लावून, लेव्हल करून, अंधारातच कॅमेऱ्याची एक कोरडी फेरी (फोटो न घेता) मारून तयार राहायचं.

ट्रायपॉडचं सांगतो. पूर ओसरल्यावर काठावरची काळी माती वरून कोरडी दिसते आणि आत लोण्यासारखी असते. पहिल्या फ्रेमपासून दहाव्यापर्यंत एक पाय सेंटिमीटरभर खचला तरी क्षितिज तिरकं होतं. पायांखाली तीन फरशीचे तुकडे किंवा जुन्या फळीचे वीतभर चौकोन ठेवा. मधला दांडा वर काढू नका. बॅग खाली टांगायची तर जमिनीला जेमतेम टेकलेली ठेवा, लोंबकळती ठेवली तर वाऱ्यात झोके घेते आणि तेच हादरे कॅमेऱ्याला जातात.

उंचीसाठी कुडलच्या घाटाच्या वरच्या पायऱ्या बघा. दोन-तीन मीटरनेही फरक पडतो, पाण्याचा पट्टा रुंद दिसतो. तिथलं संगमेश्वराचं देऊळ चौकटीच्या एका टोकाला आलं तर चित्राला वजन येतं. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख तिथलाच. देवळाच्या जुन्या दगडांवर ट्रायपॉडचे टोकदार पाय टेकवू नका, रबरी बूट घाला. खरी उंची हवी असेल तर मंगळवेढा तालुक्यातलं माचणूर बघून ठेवा. भीमेच्या काठावर किल्ला आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आणि घाट आहे, समोर बेगमपूर. सपाट जिल्ह्यात नदीकाठी अशी जागा दुर्मीळ.

पाणकाठ

दोघांचेही आभार. पोलरायझर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही माझ्याच चुका. आता तीन गोष्टी अडल्यात. नोडल स्लाइड (कॅमेरा मागे-पुढे सरकवायची पट्टी) घ्यावीच लागेल का? ब्रॅकेटिंग (एकच फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरने घेणं) करावं का? सूर्य चौकटीत नको हे समजलं, पण संगमावर तो एका टोकाला येणारच असं दिसतंय. आणि ढगाच्या दुहेरी सावलीचं काय?

जोडकाम

नोडल स्लाइडचा निर्णय जवळची वस्तू किती लांब आहे यावर होतो. साध्या बॉल हेडवर कॅमेरा खालच्या स्क्रूभोवती फिरतो, पण लेन्सचं एन्ट्रन्स प्युपिल (ज्या बिंदूभोवती फिरवलं की जवळचं-लांबचं सरकत नाही) त्याच्या सहा-सात सेंटिमीटर पुढे असतं. १५ अंश फिरवलं की ते पावणेदोन सेंटिमीटर सरकतं. तुमच्या सेन्सरवर ३५ मिमीला याचा हिशेब असा: १० मीटरवरची वस्तू मागच्या क्षितिजाच्या तुलनेत १५-१६ पिक्सेल सरकते, दोन मीटरवरची ८० च्या आसपास, आणि १०० मीटरवरची दीड पिक्सेल. म्हणजे समोर पाणी आणि पलीकडे काठ एवढंच असेल तर स्लाइडची गरज नाही. पायऱ्या, दगड, बाभळीची फांदी अशी जवळची वस्तू घेणार असाल तर स्लाइड आणि एल ब्रॅकेट (कॅमेरा उभा बसवायचा कोनी जोड) दोन्ही लागतील. गवत आणि माती १५ पिक्सेल सहन करतात. पायरीची सरळ कड पाचही सहन करत नाही, लगेच तुटलेली दिसते.

स्लाइड घेतलीत तर बसवायची रीत. मीटरभर अंतरावर एक काठी रोवा, मागे लांबवर विजेचा खांब बघा, दोन्ही एका रेषेत आणा. कॅमेरा उजवीकडे वळवा. काठी खांबाच्या डावीकडे सरकली तर लेन्स अक्षाच्या पुढे आहे, कॅमेरा मागे घ्या. उजवीकडे सरकली तर पुढे ढकला. हललीच नाही की स्लाइडवरचा आकडा लिहून ठेवा. हा आकडा ३५ मिमीपुरताच खरा, झूम बदलली की परत काढावा लागतो.

लेव्हल मात्र स्लाइड असो-नसो, लागतेच. बॉल हेडचा बॉल सरळ करून भागत नाही. फिरणारा भाग बॉलच्या खाली असतो, तो तिरका असला की कॅमेरा फिरताना क्षितिज लाटेसारखं जातं. आधी ट्रायपॉडच्या खांद्यावरचा बुडबुडा पायांनी मधोमध आणा, मग बॉल. डावं टोक, मध्य, उजवं टोक अशा तिन्ही ठिकाणी लाइव्ह व्ह्यूमध्ये क्षितिज ग्रिडच्या त्याच रेषेवर आहे का बघा. कॅमेरा वर-खाली झुकवू नका. आकाश जास्त वाटलं तर नंतर कापा.

आता बदलत्या उजेडाचं. सूर्य बुडताना आयएसओ १०० आणि एफ ८ ला शटर साधारण १/३० ते १/६० असतं. संधिप्रकाश संपेपर्यंत, म्हणजे २१-२२ मिनिटांत, उजेड सहा स्टॉपच्या आसपास उतरतो. ढोबळ हिशेब साडेतीन मिनिटांना एक स्टॉप. बारा फ्रेम २५ सेकंदांत घेतल्या तर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये अष्टमांश स्टॉपचाही फरक नाही, कुठलंही सॉफ्टवेअर तो पचवतं. पण दोन सेकंदांचा टायमर, प्रत्येक फ्रेमला तीन ब्रॅकेट आणि मध्ये पडद्यावर बघणं असं करत दोन मिनिटं घालवलीत तर अर्ध्या स्टॉपहून जास्त फरक, वर रंगही बदललेला. तुमचं एक टोक नारिंगी होण्यात याचाही वाटा असणार. म्हणून टायमर नको, केबल रिलीज वापरा. उभी_चौकट यांचं एकच एक्स्पोजर मला बरोबर वाटतं, पण एका फेरीपुरतं. एक फेरी संपली की शटर परत मोजा, नवं धरा, दुसरी फेरी. फेरीच्या मध्ये शटरला हात लावायचा नाही. दोन फेऱ्यांमध्ये लेन्सपुढे हात धरून एक फोटो घ्या, घरी फाइली वेगळ्या करायला सोपं जातं.

ब्रॅकेटिंग सूर्य आत असेल तरच. बर्स्टवर -२, ०, +२, केबल दाबून ठेवली की तिन्ही फ्रेम एका सेकंदात होतात. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एचडीआर पॅनोरमा असा पर्याय आहे, तो तिन्ही मिसळून मगच जोडतो. सूर्य कुठल्याही एका फ्रेमच्या मधोमध ठेवा, दोन फ्रेमच्या ओव्हरलॅपमध्ये येऊ देऊ नका. नाहीतर फ्लेअरचे दोन वेगवेगळे डाग एकाच जागी येतात. आणि फेरी सूर्याच्या टोकापासून सुरू करा. सर्वांत वेगाने तिथलंच चित्र बदलतं.

ढगाच्या सावलीचं कारण फिरवण्याची दिशा. सावली ज्या दिशेला चालली त्याच दिशेला तुम्ही कॅमेरा फिरवलात तर ती तुमच्याबरोबर चालत राहते आणि पुढच्या फ्रेममध्ये परत येते. उलट दिशेने फिरवा. पावसाळ्यात आपल्याकडे ढग बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. म्हणजे दक्षिणेकडे तोंड असेल तर कॅमेरा डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे तोंड असेल तर उजवीकडून डावीकडे. आधी जमिनीवरची सावली अर्धा मिनिट बघा आणि मग ठरवा, कारण वरच्या ढगांचा आणि अंगाला लागणाऱ्या वाऱ्याचा मेळ बसतोच असं नाही. ऊन आणि सावली यांत दोन-तीन स्टॉपचा फरक असतो, सॉफ्टवेअर तो समतल करायला गेलं की सगळं चित्र राखाडी होतं. त्यापेक्षा पाठोपाठ चार-पाच फेऱ्या घ्या. ट्रायपॉड हलला नाही तर पहिल्या फेरीतली तिसरी फ्रेम काढून चौथ्या फेरीतली तिसरी बसवता येते. सूर्य बराच वर असताना सावल्यांचा खेळ टिपायचा असेल तर हाच मार्ग.

जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. रॉवरून सगळ्या फ्रेम सारख्याच सेटिंगने १६ बिट टिफमध्ये काढा. कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममधले जुळणारे बिंदू) आपोआप काढल्यावर पाण्यावरचे, ढगांवरचे आणि हलणाऱ्या उसावरचे पॉइंट हाताने उडवा, काठ, खांब, देऊळ यांवरचे ठेवा. सगळ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं: पाण्यावर पॉइंट राहिले की लाटेला लाट जुळवायच्या नादात काठ तुटतो. मग देवळाच्या उभ्या कडेवर किंवा खांबावर उभी रेषा द्या, क्षितिज सरळ होतं. फेरीला वेळ लागून उजेड सरकलाच असेल तर फोटोमेट्रिक भागात व्हेरिएबल व्हाइट बॅलन्सचा पर्याय लावा. होडी, गुरं, माणसं दोनदा आली तर मास्क वापरा आणि एका फ्रेममधली खोडा.

बंधाऱ्याची भिंत वाकते ती सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमुळे, म्हणजे चित्र नळकांड्यावर उतरवून सपाट केल्यामुळे. त्यात उभ्या रेषा आणि क्षितिज सरळ राहतात, बाकीच्या आडव्या सरळ रेषा वाकतात. जितकी जवळ आणि जितकी नजरेच्या खाली, तितकी जास्त. रेक्टिलिनियर (सरळ रेषा सरळच ठेवणारं) प्रोजेक्शन घेतलं तर भिंत सरळ येते, पण १०० अंशांच्या पुढे कडा रबरासारख्या ताणल्या जातात. बंधारा मुख्य विषय असेल तर १०० अंशांत भागवा, किंवा लांब जा. संगमावर ही अडचण नाही, नदीचा काठ मुळातच वळणाचा.

गवताळ

कॅमेरा नसलेल्यांसाठी. मोबाइलच्या सरकत्या पॅनोरमात उजेड मधेच बदलला की आकाशात पायऱ्या पडतात. प्रो मोडमध्ये फोन उभा धरून वेगवेगळ्या फ्रेम घ्या: मुख्य लेन्स (अल्ट्रावाइड नको), आयएसओ ५० किंवा १००, शटर हाताने, व्हाइट बॅलन्स ५२००, फोकस अनंतावर, रॉ चालू. फोन स्वतःभोवती फिरवा, हात लांब करून स्वतः गोल फिरू नका. हात लांब केला की कॅमेरा दोन-अडीच फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, आणि वर जो पावणेदोन सेंटिमीटरचा हिशेब दिलाय तो १५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. पुढे सगळं हगिनमध्ये तसंच. सराव शहरातच करा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून पाणी, देऊळ आणि भुईकोट किल्ल्याचे बुरूज एका फेरीत मिळतात, चुका कळायला तेवढं पुरे.

पाणकाठ

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक, महिना कुठला धरू?

काळी_माती

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. आपला जोराचा पाऊस सप्टेंबरात, त्यानंतर हवा धुतलेली असते, पात्रात पाणी असतं, काठ हिरवे असतात. सूर्योदय सहा वाजून वीस मिनिटांच्या आसपास, दिशा १०२-१०३ अंश. नोव्हेंबरपासून कारखान्यांचं गाळप सुरू झालं की सकाळच्या हवेत धुराचा थर बसतो, लांबचा काठ फिका पडतो. मार्चनंतर धूळ आणि पात्र उघडं.

सप्टेंबरात जायचंच असेल तर आदल्या रात्री आणि निघताना उजनीतून भीमेत किती क्युसेक विसर्ग चालू आहे ते बघा. विसर्ग वाढवल्याची बातमी असेल तर पात्रात उतरायचं नाही, ट्रायपॉड घाटाच्या वरच्या पायरीवरच लावायचा. सीनेलाही त्याच दिवसांत पाणी येतं, आणि संगमावर ते दोन्ही बाजूंनी चढतं. परतीची वाट आपल्या पाठीशी कोरडी आहे ना, हे दर फेरीनंतर वळून बघा. आणि सोबत कोणीतरी असू द्या, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की पायाखालचं पाणी दिसत नाही.